मालक गल्ल्यावर नसताना

तुमचं रेस्टॉरंट तुमच्याशिवाय चालेल का, याची एक साधी परीक्षा घ्या. आठवड्यातला सगळ्यात गर्दीचा दिवस निवडा आणि ऐन गर्दीचे चार तास फोन बंद करून घरी बसा. शटर उघडेल, शेगड्या पेटतील, लोक जेवूनही जातील. पण फोन सुरू केल्यावर किती मिस्ड कॉल दिसतात आणि दुसऱ्या दिवशी किती कामं "तुम्ही आल्यावर बघू" म्हणून अडकलेली सापडतात, ते मोजा.

मी पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा अकरा कॉल होते. त्यातला एक फ्रीजरच्या किल्लीसाठी होता आणि किल्ली माझ्या खिशात होती.

अशा वेळी मालकाच्या तोंडून हमखास एकच वाक्य निघतं, "माणसंच धड मिळत नाहीत." मीही तेच म्हणालो होतो. मग त्या अकरा कॉलची यादी केली, तर नऊ प्रश्नांची उत्तरं जगात फक्त मला ठाऊक होती. समोरचा माणूस कितीही हुशार असता तरी त्याला फोन करावाच लागला असता. तेव्हा हे काम माणसं बदलण्याचं नाही. आपल्या डोक्यातली उत्तरं बाहेर काढून ज्याला लागतात त्याच्या हाताशी ठेवायची, एवढंच आहे. एवढंच म्हटलं तरी त्याला सहा महिने ते वर्ष सहज लागतं.

आधी दोन गोष्टी तपासा

नुकतंच उघडलेलं रेस्टॉरंट सोडून जायचा विचार करू नका. पहिले काही महिने मेन्यू बदलतो, माणसं बदलतात, गर्दीची वेळसुद्धा तुमच्या अंदाजापेक्षा वेगळी निघते. रोज बदलणारी गोष्ट लिहून ठेवण्यात अर्थ नसतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची. तुम्ही रोज बारा तास राबता, त्याचा पगार खर्चात धरला आहे का? बहुतेकांनी धरलेला नसतो, त्यामुळे धंदा फायद्यात दिसतो. तुमच्या जागी मॅनेजर आला की त्याचा पगार खराखुरा द्यावा लागेल. म्हणून आजच खर्चात "मॅनेजर" अशी एक ओळ घाला, बाजारात असा माणूस जितका पगार मागेल तो आकडा तिथे लिहा आणि मग नफा बघा. कच्चा माल आणि सगळ्यांचे पगार मिळून विक्रीच्या ६० ते ६५ टक्क्यांच्या आत बसावेत, असा या धंद्यातला ढोबळ आडाखा आहे. तुमची बेरीज त्यापुढे जात असेल तर आधी किमती, मेन्यू आणि वाया जाणारा माल यांच्याकडे बघा. मालक उभा असताना जे गळतं, ते मालक गेल्यावर दुप्पट वेगाने गळतं.

पहिली पायरी : प्रश्नांची वही

खिशात मावेल अशी वही घ्या. चौदा दिवस, तुम्हाला जो कोणी जे काही विचारेल ते लिहा. कोणी विचारलं, किती वाजता, काय विचारलं आणि तुम्ही काय उत्तर दिलं. "साहेब, ग्रेव्हीत मीठ बघता का?" हाही प्रश्नच. वेटर नुसता येऊन उभा राहिला आणि तुम्ही मान हलवली, तर तीही नोंद.

चौथ्या दिवशी कंटाळा येईल, तरी लिहा. पहिल्या आठवड्यात रोजचेच प्रश्न येतात. दुसऱ्यात आठवड्याने उगवणारे येतात: पगाराची उचल, गॅस संपणं, पुरवठादाराने कमी माल टाकणं.

पंधराव्या दिवशी वही घेऊन रेस्टॉरंटच्या बाहेर कुठेतरी बसा आणि प्रश्नांचे ढीग करा. माझ्या अनुभवात पाचच ढीग होतात.

काही प्रश्न मापाचे असतात: किती घालू, किती भिजवू, किती मागवू. काही जागेचे: अमुक कुठे आहे, किल्ली कोणाकडे. काही माहितीचे: उद्याची पार्टी किती जणांची, कोण सुट्टीवर. काही मुखत्यारीचे: याला सूट देऊ का, याला घरी सोडू का. पाचवा ढीग जरा अडचणीचा असतो. तिथे उत्तर समोरच्याला माहीत असतं, तरी तो विचारतो, कारण मागे एकदा न विचारता केलं तेव्हा तुम्ही चारचौघांत झापलं होतं. हा ढीग जाड निघाला तर पुढच्या पायऱ्या वाचण्याआधी थोडा वेळ आरशासमोर काढा.

जागेचे आणि माहितीचे प्रश्न एका दिवसात मिटतात. कपाटांवर चिठ्ठ्या, किल्ल्यांना क्रमांक आणि एक ठरलेला खिळा, भिंतीवर एक पाटी आणि त्यावर आजचं बुकिंग, आजची सुट्टी, आज काय संपलंय. खरी मेहनत माप आणि मुखत्यारी या दोन ढिगांवर आहे.

दुसरी पायरी : मेन्यू छाटा

ऐंशी पदार्थांचं रेस्टॉरंट मालकाशिवाय चालत नाही, हे मी बऱ्यापैकी ठामपणे सांगतो. ऐंशी पदार्थ म्हणजे ऐंशी कृती, शेकडो जिन्नस आणि त्यातले निम्मे कोपऱ्यात कुठेतरी खराब होत पडलेले. मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये आपलं चांगलं चाललेलं रेस्टॉरंट काही महिने बंद ठेवलं आणि पंचवीस पदार्थांची यादी नऊवर आणली, तेव्हा कुठे नव्या पोराला थोड्या दिवसांत शिकवता येईल असं स्वयंपाकघर त्यांना उभं करता आलं. तुम्ही नऊवर यायची गरज नाही. पण काय ठेवायचं, काय काढायचं, ते मनाने ठरवू नका.

मायकल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९८२ मध्ये यासाठी एक सोपी रीत मांडली. प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारायचे. तो किती खपतो? आणि विक्रीच्या किमतीतून कच्चा माल वजा केल्यावर दर प्लेटमागे किती उरतं? खपाची रेघ अशी काढतात: एका गटात २० पदार्थ असतील तर सगळे सारखे खपले असते तर प्रत्येकाचा वाटा ५ टक्के आला असता. त्याच्या ७० टक्के, म्हणजे ३.५ टक्के, ही रेघ. तिच्याखाली असलेला पदार्थ कमी खपाचा. उरणाऱ्या रकमेची रेघ म्हणजे त्या गटाची सरासरी.

दोन्ही रेघांच्या वरचे पदार्थ जपायचे. दोन्हींच्या खालचे काढायचे. खपतात पण उरत नाही, त्यांचं माप किंवा किंमत तपासायची. उरतं पण खपत नाही, त्यांची कार्डावरची जागा किंवा नाव बदलून बघायचं. काढून टाकायच्या यादीत तुमचा स्वतःचा लाडका पदार्थ निघणार, हे मात्र धरून चाला.

तिसरी पायरी : हाताचा अंदाज काट्यावर

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा.

कृती लिहायला वस्तादाला, म्हणजे मुख्य आचाऱ्याला, समोर बसवून "किती तेल घालता?" असं विचारू नका. तो सांगेल ते आणि तो घालतो ते यांत फरक असतो. खोटं बोलतो म्हणून नाही. पंधरा वर्षं हात चाललाय, डोक्याला आता ठाऊकच नाही. त्याला नेहमीसारखं करू द्या आणि तुम्ही फक्त डबे मोजा: सुरुवातीला तेलाच्या डब्याचं वजन, शेवटी तेलाच्या डब्याचं वजन. फरक म्हणजे खरं माप. असं वेगवेगळ्या तीन दिवशी करा. तिन्ही दिवसांचे आकडे जवळजवळ आले तर मधला आकडा धरा. फार लांब गेले तर आजवर गिऱ्हाइकाला दर वेळी वेगळीच चव मिळत होती, एवढं तरी कळलं.

कागदावर पाच गोष्टी हव्यात. प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये किंवा मिलिलिटरमध्ये. तो साफ करण्याआधीचा की नंतरचा, कारण सोललेला आणि न सोललेला किलो एक नसतो. घालायचा क्रम. शेवटी भांड्यात एकूण किती उरलं पाहिजे. आणि एका प्लेटला किती ग्रॅम किंवा कोणत्या क्रमांकाची पळी.

यातला चौथा मुद्दा लोक विसरतात. "४० मिनिटं उकळा" असं लिहून काम भागत नाही. पसरट भांड्यातून पाणी जास्त उडतं, उभ्या भांड्यातून कमी. शेगडीही प्रत्येकीची वेगळी. म्हणून "आटून १० लिटर उरेपर्यंत" असं लिहा आणि भांड्याच्या आत किंवा पट्टीवर दहा लिटरची खूण करा. कृती दुप्पट करताना मीठ-तिखटही डोळे मिटून दुप्पट करू नका. दुप्पट घाणा म्हणजे दुप्पट बाष्प नव्हे, त्यामुळे आधी थोडं कमी घाला, चाखा, मग नेमकं माप लिहा. पाच किलोचा आणि दहा किलोचा घाणा या दोन वेगळ्या कृती समजा.

प्लेटचा फोटो काढून वाढायच्या जागी, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. कागदावरच्या दहा ओळींपेक्षा तो जास्त काम करतो.

हे सगळं कशासाठी, तर एक हिशेब बघा. एका प्लेटमध्ये फक्त १० ग्रॅम महागडा जिन्नस जास्त पडतो. दिवसाला १५० प्लेटा. म्हणजे रोज दीड किलो, महिन्याला ४५ किलो. कोणी चोरलं नाही, कोणी सांडलं नाही. फक्त हात सैल होता.

आता वस्तादाचं मन. वजनकाटा दिसला की त्याला एकच गोष्ट कळते, "माझी कृती काढून घेणार आणि मला घालवणार." ही भीती अगदीच खोटी नसते, असं करणारे मालक असतात. त्यामुळे आधीच बोलून घ्या. लिहिलेली कृती झाली की त्याला आठवड्याची सुट्टी फोनशिवाय मिळेल, शिकवण्याचे वेगळे पैसे मिळतील आणि चव तपासण्याचं शेवटचं बोट त्याचंच राहील. हे कबूल करा आणि पाळा. चव पूर्णपणे कागदावर उतरत नाहीच. भाज्या ऋतूप्रमाणे बदलतात, कधी आंबट जास्त, कधी पाणी जास्त. माप तुम्हाला ९० टक्के जवळ नेऊन सोडतं, राहिलेलं काम जिभेचं. पण ती जीभ तुमचीच असली पाहिजे असं नाही. दोन्ही वेळच्या जेवणाआधी दोघांनी मिळून चाखायचं आणि सह्या करायच्या, एवढं पुरतं.

चौथी पायरी : उघडण्याची आणि बंद करण्याची यादी

यादीत "फ्रीज तपासला" असं लिहून पुढे बरोबरची खूण करायला जागा ठेवली, की दुसऱ्या आठवड्यापासून खुणा घरबसल्या होतात. यादीने आकडा मागितला पाहिजे. फ्रीज किती अंश? तेल किती डबे? गल्ल्यात सुट्टे किती? आकडा लिहायला त्या जागेपर्यंत जावं लागतं.

तापमानाच्या बाबतीत गय करू नका. मालक नसताना बिघडणाऱ्या सगळ्या गोष्टींत ही एकच अशी आहे की जिने माणूस दवाखान्यात जातो. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे भिंतीवर लावण्याइतके सोपे आहेत: थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअसच्या खाली, गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, शिजवताना आतला भाग ७० अंशांपर्यंत, आणि शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर नाही. तुमच्या ठिकाणचा नियम यापेक्षा कडक असेल तर तो पाळायचा.

मोठ्या घाण्याची ग्रेव्ही किंवा भात थंड करणं ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. खोल पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकललं तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. अमेरिकेच्या फूड कोड या अन्नसुरक्षेच्या नियमावलीतला नियम असा: ५७ अंशांवरून २१ अंशांपर्यंत पहिल्या दोन तासांत, तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत. त्यासाठी उथळ ट्रे, खाली बर्फ, अधूनमधून ढवळणं. "उद्या पुन्हा उकळू की" हा युक्तिवाद चालत नाही. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांचं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. कर्मचाऱ्यांना हे कारण सांगा. कारण कळलेला माणूस नियम जास्त पाळतो, निदान विसरला तर त्याला अपराधी वाटतं.

नोंदी खऱ्या की खोट्या हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. महिनाभर रोज नेमके ४ अंश, एकाच पेनाने, एकाच तिरकस अक्षरात भरलेले दिसले, तर ते शेवटच्या दिवशी बसून भरलेले असतात. खरा फ्रीज कधी ३ दाखवतो, कधी ५, आणि गर्दीच्या दिवशी दार सारखं उघडून आणखी वर जातो.

पाचवी पायरी : कोठी आणि गल्ला

विश्वास पानिपतच्या लढाईत गेला म्हणतात, पण मी त्या मताचा नाही. माणसांवर विश्वास ठेवा, फक्त त्यांना मोहात पडायची वेळ येणार नाही अशी मांडणी करा. मागवणारा एक, माल मोजून घेणारा दुसरा, पैसे देणारा तिसरा. माणसं कमी असतील तर किमान मागवणारा आणि मोजून घेणारा तरी वेगळे हवेत.

मागणी ठरवायला प्रत्येक जिन्नसाची एक पातळी ठरवा: पुढची गाडी येईपर्यंत जितकं लागेल ते आणि वर थोडी शिल्लक. ती फळीवरच लिहा. पातळी १२ डबे, फळीवर ५, तर मागणी ७. हे करायला मालक लागत नाही, वजाबाकी येणारा कोणीही चालतो.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाराला, बंद झाल्यावर मोजणी करा. सगळी कोठी मोजायच्या नादी लागू नका, तीन आठवड्यांत सोडून द्याल. ज्यांत सगळ्यात जास्त पैसा जातो ते दहा जिन्नस दर आठवड्याला, बाकी महिन्यातून एकदा. ज्याच्याकडे कोठीची किल्ली आहे त्याने एकट्याने मोजायचं नाही.

मग सूत्र: सुरुवातीचा साठा, अधिक खरेदी, वजा शेवटचा साठा. समजा ४० चा माल होता, १३० चा घेतला, ५० चा उरला. वापर १२० चा. त्या काळात विक्री ४०० ची असेल तर माल ३० टक्के लागला. आता कृतींवरून हिशेब करा: जितक्या प्लेटा विकल्या तितक्यांना कागदाप्रमाणे किती लागायला हवा होता? तो २७ टक्के निघाला तर तीन टक्क्यांची तूट आहे. लगेच चोर शोधायला धावू नका. आधी मोजणी पुन्हा करा, मग खरेदीचा भाव वाढलाय का बघा, मग प्लेटा वजन करून बघा, मग फेकलेल्या मालाची वही, मग बिल न होता गेलेल्या ऑर्डरी. चोरी सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा तिथपर्यंत जावंच लागत नाही.

गल्ल्याचे नियम थोडक्यात. सकाळी ठरलेलीच रक्कम सुट्ट्यांसाठी. रात्री कॅशियरने आधी रोकड मोजून लिहायची, मशीनवरचा आकडा त्यानंतर उघडायचा. आकडा आधी दिसला की मोजणी त्याच्याशी जुळवली जाते. किचनला चिठ्ठी गेल्यानंतर रद्द झालेली प्रत्येक ऑर्डर कारणासकट. छोटी तूट-वाढ कधीतरी येणारच. तीन महिने एका पैशाचाही फरक नसेल तर उलट मला काळजी वाटते.

सहावी पायरी : कोणी किती ठरवायचं

मुखत्यारीच्या ढिगातला प्रत्येक प्रश्न एका वाक्यात सोडवायचा आणि ते वाक्य लिहून लावायचं. उदाहरणार्थ: "गिऱ्हाईक पदार्थ खराब म्हणालं तर वाद घालायचा नाही. बदलून द्या किंवा बिलातून काढा. कोणाला विचारू नका. वहीत लिहा." हा अधिकार वेटरचा. कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, पूर्ण टेबलाचं बिल माफ करायचा अधिकार. मॅनेजरला आठवड्याला अमुक रकमेपर्यंत दुरुस्तीचा खर्च. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण आकडा हवाच. "डोकं वापरून बघा" ही मुखत्यारी नाही, तो सापळा आहे.

उलट बाजूने, फोन करायलाच हवा अशा गोष्टींचीही छोटी यादी द्या. आग, कोणी जखमी, जेवून आजारी पडल्याची तक्रार, सरकारी तपासणी, मारामारी. बस्स. सहावी गोष्ट घालायचा मोह होईल, आवरा.

मग एक दिवस कॅप्टन अगदी चुकीच्या टेबलाचं बिल माफ करेल. सरळ दिसत असेल की तो माणूस फुकट जेवायला आला होता. त्या दिवशी तुम्ही काय करता, यावर पुढचं वर्ष अवलंबून आहे. चारचौघांत निर्णय फिरवलात तर उद्यापासून सगळे प्रश्न पुन्हा तुमच्याकडे. नंतर, एकट्याला, शांतपणे "तुला काय दिसलं, पुढच्या वेळी काय करशील?" एवढंच विचारा. माफ झालेलं बिल शिकवणीच्या खर्चात टाका.

सातवी पायरी : मॅनेजर आणि त्याच्यामागचा माणूस

उत्तम आचारी आपोआप उत्तम मॅनेजर होत नाही. सगळ्यात जुना नोकरही नाही. गर्दीत आवाज न चढवणारा, लिहिलेलं वाचणारा आणि "मला माहीत नाही" म्हणू शकणारा माणूस शोधा. हिशेब शिकवता येतो, स्वभाव नाही.

पण इथे एक मोठी फसगत होते. मालकावरचं अवलंबित्व उचलून मॅनेजरवर ठेवलं जातं आणि मालकाला वाटतं, सुटलो. मग एका सकाळी मॅनेजर शेजारच्या रेस्टॉरंटमध्ये जातो आणि धंदा पुन्हा तुमच्या अंगावर कोसळतो. जो आजारी पडला की काम थांबतं, तो तुमचा दुसरा मालक समजा, मग तो भांडी घासणारा का असेना.

यावर उपाय म्हणजे एक तक्ता. वर कामांची नावं, बाजूला माणसांची. ज्याला जे एकट्याने येतं तिथे भरीव गोल, शिकत असेल तर पोकळ गोल. ज्या कामाखाली एकच भरीव गोल आहे, तिथे धोका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑगस्ट एस्कॉफिए या फ्रेंच शेफने मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत प्रत्येक विभागाला एक जबाबदार माणूस नेमायची पद्धत रुजवली, आणि ती आजही टिकून आहे. चार माणसांच्या भटारखान्यातही ती चालते. फक्त प्रत्येक विभागाला एक नाव आणि त्याच्यामागे दुसरं नाव, असं करा.

शिकवायची चांगली रीत दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांसाठी बसवली गेली, कारण तिथे रोज नवशिकी माणसं येत होती. चार टप्पे. आधी त्याला काय येतं ते विचारा. मग करून दाखवा, प्रत्येक पायरीचं कारण सांगत. मग त्याला करू द्या आणि करताना तोच तुम्हाला समजावून सांगेल. मग एकटं सोडा आणि सुरुवातीला वरचेवर बघा. तिसरा टप्पा सगळे गाळतात. नुसती मान डोलावणाऱ्याला कळलंय की नाही, हे तो बोलल्याशिवाय समजत नाही.

आठवी पायरी : गैरहजेरीची तालीम

आता हळूहळू बाहेर पडा. आधी गर्दी नसलेले चार तास. मग गर्दीचे चार तास. मग पूर्ण दिवस, मग सलग तीन दिवस, मग दोन आठवडे. प्रत्येक टप्प्यानंतर आलेले फोन वहीत उतरवा आणि विचारा, हा प्रश्न कोणत्या ढिगातला, कोणता कागद कमी पडला? तो कागद लिहून झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

बाहेर असताना मोबाइलवर कॅमेरे बघत बसू नका. मी बघायचो. "चार नंबरला पाणी नाही दिलं अजून" असा फोन मी एकदा दुसऱ्या गावाहून केला. पाणी लगेच गेलं, पण त्या दिवसापासून कॅप्टन टेबलांकडे बघायचा थांबला आणि कॅमेऱ्याकडे बघायला लागला. कॅमेरा पुराव्यासाठी आहे, देखरेखीसाठी नाही.

त्याऐवजी रात्री एक छोटा संदेश मागवा. विक्री, किती लोक जेवले, रद्द झालेली बिलं, गल्ल्यातला फरक, कोण आलं नाही, काय संपलं, काय तक्रार आली. सात ओळी. आठवड्याला माल आणि पगारांची टक्केवारी, दहा जिन्नसांची तूट. एखाद्या ओळीत सलग तीन दिवस विचित्र दिसलं तरच विचारा.

गिऱ्हाइकांचं काय? काही लोक जेवायला कमी आणि तुमच्याशी दोन शब्द बोलायला जास्त येतात. तुम्ही दिसला नाहीत की त्यांना चवही बदलल्यासारखी वाटते. त्यांच्यासमोरून एकदम गायब होऊन चालणार नाही. जायच्या महिनाभर आधीपासून त्यांच्या टेबलाशी कॅप्टनला घेऊन जा, नावाने ओळख करून द्या, त्यांना कोणती जागा आवडते, काय तिखट चालत नाही, हे त्यांच्यासमोरच कॅप्टनला सांगा. पुढच्या वेळी तुम्ही लांबून नमस्कार करा, ऑर्डर त्याला घेऊ द्या. दोघंतिघं तरीही यायचे बंद होतील. ते होतं.

काही कामं तुमच्याकडेच राहतील आणि राहू द्या: जागेचा करार, बँक, किमती, मेन्यूतले बदल, मॅनेजरची निवड. आणि महिन्यातून एकदा न सांगता, गिऱ्हाइकासारखं टेबलावर बसून, पूर्ण बिल भरून जेवणं.

दोन आठवड्यांनी परत याल तेव्हा मागच्या दाराने या. आधी कोठी, मग फ्रीजचे आकडे, मग फेकलेल्या मालाची वही, मग किचन. शेवटी गल्ला. फ्रीजची जागा बदललेली असेल, वाढायच्या फळीवर कोणीतरी नवीनच पद्धत बसवलेली असेल. लगेच पूर्ववत करायला सांगू नका. का बदललं ते विचारा, दोन दिवस बघा, आणि बरं निघालं तर तुमचा जुना कागद फाडून त्यांच्याकडून नवा लिहून घ्या.